भिंतीपुढची हिरवळ

१

अंतिम सामन्याच्या सकाळी कॉलेजच्या मैदानावर गोलपोस्टसमोरची हिरवळ गायब होती. आदल्या संध्याकाळी ती तिथे होती. आता या खांबापासून त्या खांबापर्यंत चिखलाचा एक चर होता, आणि रात्रभर कुणीतरी सोडून ठेवलेला पाइप त्यात अजून गुळगुळ करत होता.

कुंपणाबाहेर माणसं जमली होती. काही शिव्या देत होती, पण बरीचशी नुसती उभी होती, शेजारच्या घरात कुणी गेल्यावर दाराशी उभी राहतात तशी. कारण ही हिरवळ कॉलेजची नव्हती, त्यांची होती. चाहता मंडळानं दारोदार फिरून 'हातभर हिरवळ' विकली होती, ज्याला जेवढी झेपेल तेवढी. बेकरीवाल्यानं घेतली, बसच्या कंडक्टरनं घेतली, रात्रपाळीच्या नर्सनं नव्या चष्म्याचा खर्च पुढे ढकलून घेतली. कॉलेजनं फुटकी कवडी दिली नव्हती. फक्त उद्घाटनाला फीत कापायला कात्री दिली होती, आणि तीही नंतर मोजून परत घेतली.

प्राचार्यांनी पंचबाईंना बोलावून घेतलं. पंचबाई म्हणजे फुटबॉलच्या निवृत्त पंच. आयुष्यभर पुरुषांच्या सामन्यांत शिट्टी फुंकलेली बाई. कोण खरा पडला आणि कोण पडायचं म्हणून पडला, हे त्यांना माणूस जमिनीला लागायच्या आधी कळायचं. आता गुडघे कुरकुरत होते, पण नजर तीच होती.

"पोलिस नकोत," प्राचार्य म्हणाले. "कॉलेजच्या नावाचा प्रश्न आहे."

"आणि बाहेर लोक माळ्याच्या नावानं ओरडतायत, ते काय?"

"किल्ल्या माळ्याकडे, पाइप माळ्याचा, राहतो मैदानातच. मंडळ म्हणतं, संध्याकाळपर्यंत त्याला नोकरीवरून आणि खोलीतून काढा, नाहीतर आम्ही काढतो. तुम्ही एकदा बघितलंत म्हणजे माझ्याही मनाला बरं."

"तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून मी हे गुडघे इथवर आणले का?" पंचबाईंनी खोलीवर नजर फिरवली. "हिरवळीला कॉलेजनं किती दिले?"

"खेळांसाठी तरतूदच नाही हो बाई. काय करणार."

"खुर्ची नवी दिसते."

प्राचार्य त्या खुर्चीत जरा आखडले. मग घसा साफ करून म्हणाले, सामनाधिकाऱ्यांनी चारपर्यंत मुदत दिली आहे. तोवर मैदान नीट झालं तर खेळू, नाहीतर चषक पाहुण्या संघाचा.

"आणि माळ्याचं घर रस्त्यावर," पंचबाई म्हणाल्या आणि उठल्या.

२

माळी प्रेक्षकांच्या स्टँडखालच्या दोन खोल्यांत राहायचा. बायको आणि दम्यानं धापा टाकणारी म्हातारी आई, एवढाच संसार. दारात गाठोडं बांधून तयार होतं.

"एवढ्यातच बांधाबांध?" पंचबाईंनी विचारलं.

"बाई, आमच्यासारख्याचा निकाल आधी लागतो, चौकशी मागून होते. म्हटलं निदान भांडी तरी फुटू नयेत."

"तू केलंस?"

"त्या हिरवळीला मी पोटच्या पोरासारखं पाणी घातलं. कापायचीच असती तर लावली कशाला असती?"

दोघं चराशी आले. माळ्यानं पाइप बंद केला. पंचबाई कष्टानं खाली वाकल्या. हा तुकडा आठवड्यापूर्वीच लावलेला, गोलपोस्टसमोर सतत पाय पडून जमीन उघडी पडते म्हणून. त्याच्या कडेनं माळ्यानं चुन्याची रेघ मारली होती, सरावाच्या वेळी खेळाडूंनी त्यावर पाय देऊ नये म्हणून.

"रेघ कुठे गेली?"

"तीही गेली तुकड्याबरोबर."

पंचबाईंनी कडेला बोट लावलं. काप सुरीचा, स्वच्छ. पण तो नव्या-जुन्या हिरवळीच्या सांध्यावर नव्हता. सांध्याच्या बाहेर, जुन्या घट्ट मुळांत घेतलेला होता. दोन बोटं बाहेर, चारही बाजूंनी सारखाच.

"नवी हिरवळ काढायची तर तू कुठे कापशील?"

"कापायचं कशाला? मुळं धरलीच नव्हती. सांध्यात बोट घालून ओढली की सतरंजीसारखी गुंडाळत येते. हा कुणी येडा दिसतोय. सोपं सोडून अवघडात शिरला."

कोपऱ्यांवर आणखी एक गंमत होती. प्रत्येक कोपऱ्यात मातीत एक छोटा तिरपा छाट होता. कशासाठी, ते माळ्यालाही सांगता येईना. हिरवळ कापायचं त्याचं पातं कुलपात होतं. पंचबाईंनी ते उघडून घेतलं तर पात्यावर धूळ होती आणि धुळीवर कोळ्याचं जाळं.

"हे प्राचार्यांना दाखवलंस?"

"ते म्हणाले, जाळं काय, कोळी एका रात्रीतही विणतो."

तेवढ्यात स्टँडमागून आरडाओरडा झाला. मंडळाच्या पोरांना हिरवळ सापडली होती. माळ्याच्याच खोलीच्या मागे, सावलीत, नीट थप्पी लावून, माळ्याच्याच गोणपाटाखाली. गोणपाट ओलं होतं.

माळ्याची बायको दारातच खाली बसली.

३

मंडळाचे अध्यक्ष लोखंड-सिमेंटचे व्यापारी. दुकानात सळ्यांच्या मधोमध बसले होते आणि चेहराही सळईसारखाच ताठ.

"मुद्देमाल सापडला. आता काय राहिलं?" ते म्हणाले.

"चोर चोरलेल्या मालावर ओलं गोणपाट घालतो का? ती हिरवळ जगावी म्हणून झाकलीय कुणीतरी."

"मग विकायला झाकली असेल. बाई, तुम्हाला कळायचं नाही. या गावातल्या फाटक्या माणसांनी पोटाला चिमटा काढून हा संघ उभा केलाय. पोरांचे बूट आमचे, दूध आमचं. तो गोलकीपर, आमची 'भिंत', त्याची फी आम्ही भरतो, राहायची सोय मंडळातल्याच घरी. सरकार देत नाही, कॉलेज देत नाही. आम्ही दिलं तर वाईट केलं?"

"वाईट नाही केलं," पंचबाई म्हणाल्या, आणि ते त्यांना मनापासून वाटत होतं. "पण दिल्यावर काय झालं?"

"काय व्हायचंय? दिलं की हक्क येतो. आता लोक रोज येतात डोकं खायला. याला खेळवा, त्याला बसवा. परवा तर एक बाई चक्क रडायला लागली. मी म्हटलं, बाई, तू हातभर हिरवळीचे पैसे दिलेस ना, मग हातभरच बोल."

सळ्या उचलणारी माणसं हसली. अध्यक्षही हसले. पंचबाई हसल्या नाहीत.

कोच मैदानाच्या कडेला बाकावर बसून नखं खात होता. त्याचा करार चषकावर टांगलेला होता, हे सगळ्या गावाला ठाऊक.

"मी कशाला कापू?" तो म्हणाला. "हरलो असतो तरी निदान खेळून हरलो असतो. आता न खेळताच माझी हकालपट्टी."

"पाहुण्यांनी केलं असेल?"

"त्यांनी केलं असतं तर रॉकेल ओतलं असतं. गोणपाट नसतं घातलं."

हे बोलणं पंचबाईंना पटलं. कोच मूर्ख नव्हता, नुसता घाबरलेला होता. "भिंत कुठे आहे?" त्यांनी विचारलं. "सगळा संघ इथे दिसतो."

"शिंपीणबाईंकडे वर झोपलाय. उपांत्य सामन्यात डोकं खांबावर आपटलं होतं. तेव्हापासून जरा उजेड सहन होत नाही, एवढंच. डॉक्टरांनी ठीक म्हणून सांगितलंय."

"कोणत्या डॉक्टरांनी?"

"मंडळाच्या."

"मंडळाच्या," पंचबाईंनी तो शब्द तोंडात घोळवला, कडू गोळीसारखा.

त्या मैदान ओलांडून निघाल्या आणि अर्ध्यातच थांबल्या. सकाळपासून सगळे एकच विचारत होते, हिरवळ कुणी चोरली. पण हिरवळ तर मैदानातच होती, जिवंत. चोरीला गेला होता तो सामना. हरावं म्हणून नव्हे आणि जिंकावं म्हणूनही नव्हे. तो होऊच नये असं कुणाला तरी वाटत होतं.

४

शिंपीणबाईंचं दुकान गल्लीच्या टोकाला, खाली मशीन आणि वर एक खोली. संघाच्या जर्सींवर आकडे शिवायचं काम त्या फुकट करायच्या. बाहेरगावच्या खेळाडूला चाहत्यांपैकी कुणीतरी घरी ठेवून घ्यायचं, ही इथली रीत. त्यांच्या वाट्याला भिंत आली होती. दोन वर्षं तो त्यांच्या हातचं जेवत होता.

"बसा बाई. चहा टाकते. खिशाचं काम हातात आहे, तेवढं उरकू दे."

जिना वाजला आणि भिंत खाली आला. दाराएवढा पोरगा, पण पायऱ्या उतरताना एका हातानं कठडा धरलेला. पंचबाई उठल्या आणि मुद्दाम त्याच्या डाव्या अंगाला जाऊन हात पुढे केला. तो सरळ पुढे बघत राहिला. हात तसाच हवेत राहिला.

"नमस्कार, भिंत," त्या म्हणाल्या. तेव्हा कुठे त्यानं मान वळवली, अख्खी, पक्षी वळवतो तशी.

"सॉरी बाई. लक्ष नव्हतं."

"डोकं कसं आहे?"

"एकदम मस्त. मैदान झालं का नीट? चारला खेळायचं म्हणतात?"

"बघू."

"होईल काहीतरी. फळ्या टाका म्हणावं, वाळू टाका. मी वाळूतही उभा राहीन." तो स्वयंपाकघराकडे वळला आणि दाराची चौकट त्याच्या डाव्या खांद्याला लागली. त्यानं चौकटीलाच हसून शिवी दिली. पाणी प्यायला, पुन्हा वर गेला.

शिंपीणबाईंनी मान वर केली नाही. कापडावर खडूची रेघ होती. कात्री त्या रेघेवरून चालली नाही, तिच्या दोन बोटं बाहेरून चालली. चारही बाजूंनी सारखी. मग त्यांनी शिलाई मारली, आणि प्रत्येक कोपऱ्याचं टोक तिरपं छाटून टाकलं. कच, कच, कच, कच.

"कोपरे का छाटता?" पंचबाईंनी विचारलं.

"खिसा उलटवला की कोपऱ्यात कापडाची गाठ येते ना. छाटलं की टोक कसं झकास निघतं."

पंचबाईंनी हातातला कप खाली ठेवला. चहा तसाच होता.

५

"माळ्याला खोलीतून काढतायत," त्या म्हणाल्या.

शिंपीणबाईंचा पाय मशीनवर थांबला. "माळ्याला? का?"

"हिरवळ त्याच्या मागच्या भिंतीशी सापडली."

"तिथे सावली होती," शिंपीणबाई म्हणाल्या. "कुंपणाच्या फटीतून आत गेले, तर गोणपाटही तिथेच पडलं होतं." मग एकदम तोंडावर हात ठेवला. बोलल्या त्याबद्दल नव्हे. माळ्याबद्दल. "अगंबाई. त्याचं माझ्या डोक्यातच नाही आलं हो."

"तुम्ही सांध्यावर कापलं असतंत तर मला काही कळलं नसतं. सोपं होतं, ओढली की निघाली असती. पण चुन्याची रेघ दिसली आणि तुमचा हात दोन बोटं बाहेर गेला. शिलाईला जागा सोडायची सवय. आणि मातीचेही कोपरे छाटलेत तुम्ही."

"छाटले?" शिंपीणबाईंनी स्वतःच्या बोटांकडे बघितलं. "मला आठवत नाही."

"हातांना आठवतं."

शिंपीणबाईंनी जिन्याकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "रात्री उठून ओकतो. मला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडतो. जर्सीचा आकडा त्याला दोन-दोन दिसतो. तरी मी तो आकडा शिवते, तरी तो जर्सी घालतो. मी कोचकडे गेले. डॉक्टरकडे गेले. अध्यक्षांपुढे रडले, ते म्हणाले हातभर बोल. त्यालाही विचारलं, तर म्हणतो, मावशी, इतक्या जणांनी पैसे घातलेत माझ्यावर, डोकं दुखतं म्हणून घरी बसू का?"

"पंचाला सांगायचं."

"पंच त्यालाच विचारणार ना. तो म्हणणार, एकदम मस्त."

ते खरं होतं. पंचबाईंनी अशी कितीतरी 'एकदम मस्त' ऐकून शिट्टी वाजवली होती.

"चार वाजू देत म्हणून थांबलेय," शिंपीणबाई म्हणाल्या. "आधी सांगितलं तर माती टाकतील, फळ्या टाकतील आणि त्याला उभा करतील. वेळ टळली की मी स्वतः प्राचार्यांकडे जाणार होते. हे बघा, बाहेर जायची साडीसुद्धा इस्त्री करून ठेवलीय."

जिन्याची पायरी करकरली. भिंत अर्ध्या जिन्यात उभा होता. कधीपासून होता कोण जाणे.

"तू कापलंस?" तो म्हणाला. आवाज अगदी शांत होता.

"बाळा, तुझा जीव..."

"आज कंपनीच्या संघाचा माणूस येणार होता. मला बघायला. नोकरी होती, मावशी. एक सामना. एवढा एक खेळलो असतो की सुटलो असतो. कुणाच्या पैशाचं जेवायची गरज नव्हती. तुझ्यासुद्धा."

"आणि खेळताना पुन्हा लागलं असतं तर?"

"ते माझं डोकं होतं." तो आणखी एक पायरी खाली आला. "अध्यक्ष म्हणतो खेळ, कारण पैसे दिले. तू म्हणतेस खेळू नको, कारण जेवायला घातलं. कुणी मला विचारलं? एकानं तरी?"

"विचारलं होतं मी."

"विचारलंस. आणि माझं उत्तर आवडलं नाही म्हणून सुरी घेऊन गेलीस."

दोघींच्या मधून, कठडा धरत, चौकट चाचपत तो बाहेर पडला, आणि उन्हात येताच त्यानं डोळ्यांवर हात घेतला.

शिंपीणबाई धावल्या नाहीत. "तुम्ही जा त्याच्यामागे," त्या पंचबाईंना म्हणाल्या. "मला तो हात लावू देणार नाही. दवाखान्यात न्या, मंडळाच्या नको, मोठ्या. मी साडी बदलून प्राचार्यांकडे जाते."

६

चार वाजून गेल्यावर शिंपीणबाईंनी प्राचार्यांच्या नव्या खुर्चीसमोर उभं राहून सगळं सांगितलं. बसा म्हणून कुणी म्हटलं नाही. अध्यक्ष म्हणाले, बाईमाणूस आहे, पोलिसांत देत नाही, पण मंडळातून नाव काढलं. माळ्याची खोली वाचली. त्याच्या बायकोनं गाठोडं सोडून भांडी पुन्हा फळीवर लावली. माळ्याची माफी मात्र कुणी मागितली नाही. माफीसाठीही बहुतेक तरतूद नव्हती.

चषक पाहुणे घेऊन गेले. त्या रागात लोकांनी शिंपीणबाईंकडे शिवायला टाकलेले कपडे अर्धवट तसेच परत नेले. ज्यांनी हातभर हिरवळीसाठी घरातलं दूध कमी केलं होतं, तीच माणसं. ती वाईट नव्हती. त्यांचं एवढंच एक सुख होतं, शनिवारी दुपारचं, आणि तेही एका बाईनं सुरीनं कापून नेलं होतं. नर्स तेवढी आली नाही कपडे न्यायला. तिला डोक्याला लागलेली माणसं ठाऊक होती.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी डोक्याच्या स्कॅनचा फोटो उजेडाला लावून दाखवला. आत रक्त साकळलं होतं. आणखी एक फटका बसला असता, चेंडूचा का असेना, तर पोरगा मैदानातून चालत बाहेर आला नसता. आता शस्त्रक्रिया, त्यानंतर बहुधा जगेल. डाव्या बाजूचं दिसणं कितपत परत येईल ते सांगता येत नाही. फुटबॉल संपला.

भिंत पलंगावर पडून छताकडे बघत होता. शस्त्रक्रियेसाठी डोकं भादरलेलं. एवढा मोठा देह, पण चादरीखाली लहान दिसत होता.

"मावशीला कळवते," पंचबाई म्हणाल्या. "बिचारी खाली फाटकापाशी बसून असते. वर यायची हिंमत नाही तिची."

"नका सांगू."

"का रे? तिनं वाचवलं तुला."

"म्हणूनच." तो थांबला. शब्द शोधायला त्याला आता वेळ लागायचा. "ती बरोबर होती असं ठरलं की मग मला तिच्यावर चिडता येणार नाही. बाकी कुणावर चिडू? बेकरीवाल्यावर? रोज दोन पाव फुकट द्यायचा. कंडक्टरवर? तिकीट घ्यायचा नाही. सगळ्यांनी काही ना काही दिलंय. चिडायला मला एकच माणूस आहे, बाई."

पंचबाईंनी आयुष्यभर निर्णय दिले होते आणि दिलेला कधी फिरवला नव्हता. आता त्यांना निर्णयच सुचेना. त्यांनी त्याच्या उजव्या बाजूला बसून सफरचंद सोललं. त्यानं ते खाल्लं नाही.

खाली फाटकापाशी शिंपीणबाई डबा मांडीवर धरून बसल्या होत्या. पंचबाईंना बघून उठल्या.

"काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?"

पंचबाईंनी वर खिडकीकडे बघितलं. मग खरं ते सांगितलं, काही न गाळता. फटका, रक्त, शस्त्रक्रिया, डावी बाजू. न सांगण्याबद्दल तो जे म्हणाला, तेही सांगितलं. खोटा निर्णय द्यायला त्यांना जमत नव्हतं, आणि या बाईला तर मुळीच नाही.

शिंपीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. डब्याचं झाकण उगीच घट्ट केलं.

"म्हणजे अजून चिडलेलाय."

"हो."

"मग मी वर येत नाही. मला काही कळलं असं त्याला सांगू नका." त्यांनी डबा पंचबाईंच्या हातात दिला. "हा तुमच्या घरचा म्हणून द्या. खाईल. राग आला की दोन घास जास्तच जेवतो तो."